मराठीत सांगा

आमचे हे गाइड होते. अजिंठा आणि वेरूळ, दोन्हीकडचे. गळ्यात बिल्ला, खांद्याला पिशवी, पिशवीत बॅटरी. इंग्रजी तर फर्डं यायचंच, पण जपानी पाहुणे यायला लागले तसं ह्यांनी जपानीही शिकून घेतलं. गुलमंडीच्या बाजारातल्या आमच्या खोलीत सकाळी आरशासमोर उभं राहून मोठ्यानं घोकायचे. मी चहा ठेवता ठेवता ऐकायची. अर्थ कळायचा नाही, पण चाल पाठ झाली होती. कुठं आवाज चढतो, कुठं थांबतात, कुठं हसायचं असतं, सगळं.

मी सोयगावची. अजिंठ्याची लेणी माझ्या माहेरच्या तालुक्यातच. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, तुझी मजा आहे बाई, नवरा सगळं दाखवील. ह्यांनी दाखवलं. जगाला दाखवलं.

एका श्रावणी सोमवारी सासूबाईंबरोबर घृष्णेश्वराला गेले होते. दर्शन उरकल्यावर सासूबाई झाडाखाली टेकल्या आणि मी एकटीच लेण्यांकडं गेले. हे कैलास लेण्याच्या अंगणात उभे होते. भोवती गोरे पाहुणे. ह्यांचा हात वर गेला की सगळ्यांच्या माना वर जायच्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. ह्यांनी मला बघितलं, बोटानं 'थांब' अशी खूण केली आणि पाहुण्यांना घेऊन आत निघून गेले. मी उन्हात थांबले, कंटाळून परत फिरले. घरी आल्यावर म्हणाले, "कामाच्या वेळी घरचं माणूस मधी आलं की माझी लय तुटते." मग मी पुन्हा गेले नाही. शिलाई मशीन घेतलं, बाजारातल्या दुकानांच्या साड्यांना फॉल-पिको करत राहिले. त्याचं मला वाईट वाटत नाही. मशीन माझं होतं.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ह्यांनी काम सोडलं. मुलगी पुण्यात नोकरीला. तिनं एक दिवस फोन करून सांगितलं की तुम्हा दोघांचं व्हिएतनामचं बुकिंग केलंय. ह्वे नावाचं तिथलं जुनं राजधानीचं शहर आहे, तिथं दिवसभराची गाइडेड टूरही घेतली आहे.

हे भडकले. "मी? दुसऱ्या गाइडच्या झेंड्यामागं फिरू? मी टुरिस्ट हाय का?"

"मी हाय," मी म्हणलं. "तुम्ही नका येऊ. मी जाते एकटी."

ते आले.

ह्वेमध्ये सकाळी हॉटेलच्या दारात लहान बस आली. आत ऑस्ट्रेलियाची तीन-चार म्हातारी माणसं, फिलिपिन्सचं एक नवीन जोडपं, आणखी कोण कोण. गाइड म्हणजे एक मुलगी. आपल्याकडच्यासारखाच लांब कुडता, पण दोन्ही बाजूंनी पार कंबरेपर्यंत चिरलेला, खाली पांढरी विजार, डोक्यावर गवती टोपी. चिरेची शिलाई इतकी बारीक होती की माझी नजर तिथंच अडकली. ह्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला म्हणाले, "आवाज लहान आहे. मागच्याला ऐकू जाणार नाय."

आम्ही मागच्या बाकावर होतो. मला व्यवस्थित ऐकू येत होतं.

पहिल्यांदा राजवाड्याच्या किल्ल्यात नेलं. भोवती पाण्याचा खंदक, आत दारामागं दार, आणि मग एकदम मोकळं मैदान. नुसतं गवत. मधेच एखादी पडकी भिंत. ती मुलगी एका भिंतीपाशी थांबली, दगडातल्या खळग्यांवरून हात फिरवत बोलायला लागली. बराच वेळ बोलली. ऑस्ट्रेलियाच्या एका बाईनं गॉगल काढून डोळे पुसले. फिलिपिन्सच्या मुलानं बायकोचा हात धरला. मी ह्यांच्याकडं बघितलं.

"काय म्हणाली?"

"लढाईत पडला राजवाडा."

"एवढंच?"

"एवढंच. गोळ्यांच्या खुणा आहेत त्या."

"ती बाई रडली की."

"असतात काही हळवी माणसं. आणि ह्या किल्ल्यात काय दम नाय बघ. आपल्या दौलताबादपुढं काहीच नाय."

मला वाटलं, समोर पंगत वाढली होती आणि माझ्या पानात ह्यांनी चमचाभर मीठ टाकलं होतं. बाकीचं ह्यांच्याजवळच होतं. कुणी हिरावलेलं नव्हतं, लपवलेलंही नव्हतं. मला द्यावं असं त्यांना वाटलंच नव्हतं, इतकंच.

बसमध्ये परत चढलो तेव्हा मी मागं गेलेच नाही. ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा रिकामी होती, ती मुलगी तिथंच शेजारी बसायची. मी तिथं बसले.

हे मागनं म्हणाले, "अगं, इकडं ये. कुठं बसलीस?"

"पुढं."

"तुला तिचं काय कळणार आहे?"

"जेवढं कळंल तेवढं माझं," मी मान न वळवता म्हणलं.

माझं इंग्रजी दहावीचं, तेही मराठी शाळेतलं. पण गुलमंडीत दुकानदारांशी वागता वागता माणूस भाषा नसतानाही बोलायला शिकतो. मी त्या मुलीच्या कुडत्याच्या शिलाईला हात लावला, "व्हेरी गुड," म्हणलं. ती हसली. मग मी "दॅट वॉल" म्हणलं आणि डोळे पुसल्याची खूण केली. "प्लीज. स्लो."

तिला कळलं. ती एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. माय ग्रँडमदर. वॉर. हाइड. अंडर ग्राउंड. तिनं हातांचा पाळणा केला. बेबी. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाली, बेबी इज माय मदर.

आजी लहान लेकराला घेऊन त्या भिंतींच्या आत जमिनीखाली लपली होती, आणि ते लेकरू म्हणजे हिची आई. मला सगळं कळलं. मी तिचा हात धरला. तेवढ्यात जेवणाची जागा आली. तिनं माझ्यासाठी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बिनमांसाचा भात आणि भाजी सांगितली. हे दुसऱ्या टेबलावर ऑस्ट्रेलियाच्या लोकांत जाऊन बसले. मीही बोलावलं नाही.

दुपारी एका राजाच्या समाधीला गेलो. समाधी म्हणायची, पण ती एक मोठी बागच होती. तळं, तळ्यात कमळं, पाण्यावर लाकडी मंडप, सगळीकडं चाफ्याची झाडं. राजानं जिवंतपणीच ती बांधून घेतली होती आणि तिथं येऊन कविता करत बसायचा. गाइड मुलीनं एका बाजूची पडकी घरं दाखवली आणि सावकाश सांगितलं. आता ती माझ्याकडं बघून सावकाशच बोलायची. राजा गेल्यावर त्याच्या बायका इथं राहायला आणल्या. त्याच्या आत्म्याची सेवा करायला. रोज अंथरूण घालायचं, चहा ठेवायचा. मरेपर्यंत.

मला एक प्रश्न पडला. तो माझ्या इंग्रजीत मावेना. नाइलाजानं ह्यांना हाक मारली.

"तिला विचारा, त्या बायका इथं का राहिल्या? त्यांना कुणी इचारलं होतं का?"

"असं विचारत नसतात. राजेरजवाडे होते ते."

"तुम्ही इचारा."

ह्यांनी घसा साफ केला आणि मोठ्या रुबाबात तिला विचारलं. त्यात 'हाऊ मेनी वाइव्ह्ज' एवढं मला स्पष्ट ऐकू आलं.

"हाऊ मेनी नाय," मी म्हणलं. "मी किती नाही इचारलं."

"अगं, तेच विचारतात सगळे. पाहुण्यांना तेच आवडतं."

"मी पाहुणी नाय तुमची!" माझा आवाज चढला. सगळे बघायला लागले. मी त्या मुलीकडं वळले. "व्हाय? व्हाय दे स्टे? दे से येस?"

तिनं त्या पडक्या घरांकडं बोट केलं. मग म्हणाली, "नो. नोबडी आस्क." आणि पुढं म्हणाली की काही तर अगदी तरुण होत्या. माहेरीसुद्धा परत घेत नसत.

ह्यांचा चेहरा उतरला. चारचौघांत त्यांच्या धंद्यातच मी त्यांना खोडलं होतं. ते तरातरा जाऊन बसमध्ये बसले. त्यांचे गुडघे दुखत होते, पायऱ्या उतरताना कठड्याला धरून चालले होते, ते मला दिसत होतं. तरी मी मागं गेले नाही. माझी टूर अर्धी राहिली होती. मी तळं बघितलं, मंडप बघितला, समाधीची भिंत बघितली. चाफ्याचं एक फूल उचलून केसात घातलं.

शेवटी नदीवर आणलं. तोंडाला ड्रॅगनचं शिल्प लावलेल्या बोटीतनं शहरात परत जायचं होतं. बोट यायला उशीर होता, म्हणून सगळे घाटावर सावलीत बसले. ऑस्ट्रेलियाच्या म्हाताऱ्यानं ह्यांना विचारलं असावं, तुम्ही काय करत होता. आणि हे सुरू झाले.

मला लांबनंच कळलं. तीच चाल. आवाज चढला, थांबला, हात वर गेला. कैलास लेणं. वरनं खाली डोंगर कसा कोरत आणला, ते हे सांगत होते. ह्यांचे डोळे चमकत होते. पंधरा मिनिटांपूर्वी रुसून बसलेला माणूस हाच का, असं वाटावं. त्या गोऱ्या लोकांच्या माना वर झाल्या होत्या, जसं काही त्या नदीवर कैलासच उभा आहे.

मी उठले आणि त्या घोळक्यात जाऊन उभी राहिले. ह्यांनी बोट वर केलं. थांब.

"थांबणार नाय," मी म्हणलं. "मराठीत सांगा."

"काय?"

"हेच. आत्ता जे सांगताय ते. मराठीत सांगा. मीबी ऐकते."

"अगं, तुला ठाऊक आहे की सगळं."

"मला कुणी सांगितलं? कधी? सोयगावची असून, वेरूळला येऊन, मी बाहेर उन्हात उभी होते. आज परदेशात येऊन लोकांना सांगताय. मला सांगा."

ऑस्ट्रेलियाची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. भाषा कळत नव्हती, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं.  मग ह्यांनी सुरुवात केली. "हे जे लेणं आहे, ते... म्हणजे एकाच दगडात... वरून खाली..." थांबले. पुन्हा सुरुवात केली. हात वर नेला, तो तसाच राहिला. चाल लागेना.

"मला येत नाय ते मराठीत," ते हळूच म्हणाले. "मी ते तसं कधी बोललोच नाय. पाठ केलं ते इंग्रजीत केलं."

खोटं नव्हतं ते. त्यांचा चेहरा बघून कुणाचंही काळीज हललं असतं. माझंही हललं. पण इतकी वर्षं मी अशीच हलत आले होते आणि दर वेळी माघार मीच घेतली होती.

"मग शिका," मी म्हणलं. "जपानी शिकलात की. तुमचे वडील तर उर्दूत शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर उर्दूतला कारभार बदलला तसं त्यांनी अर्ध्या वयात मराठी लिहायला शिकून कचेरीत नोकरी टिकवली. तुम्हाला काय धाड भरलीय?"

तेवढ्यात बोट आली. मी पुढं बसले, त्या मुलीजवळ. हे मधल्या बाकावर बसले, खिडकीशी, नदीकडं बघत. शहर येईपर्यंत त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. उतरताना मीच त्यांना हात दिला, त्यांनी धरला. बोलणं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच झालं, तेही चहाच्या साखरेवरून.

परत आल्यावर शेजारच्या आपांनी बोलावलं. आपा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातल्या, माझ्यापेक्षा मोठ्या. त्यांच्या सुना, लेकी, गल्लीतल्या दोन-तीन बायका अंगणात जमल्या होत्या. "बोलो बाई, क्या क्या देखा?" आपांनी विचारलं.

हे दारात उभे होते. सवयीनं त्यांनीच घसा साफ केला. "ह्वे म्हणजे असं आहे, की एका राजघराण्यानं..."

"तुम्ही बसा," मी म्हणलं. "गेले होते मी. मी सांगते."

सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या. मी भिंतीच्या खळग्यांपासून सुरुवात केली. आजी आणि लेकरू सांगितलं, राजाची बाग सांगितली. बायकांचं आलं तेव्हा आपांची मोठी सून म्हणाली, "हाय अल्ला, उनकू पूछा भी नहीं?" मधे एकदा मी तळं कुठल्या बाजूला होतं ते चुकले. हे लगेच म्हणाले, "उजवीकडं नाय, डावीकडं."

"माझं होऊ द्या आधी," मी म्हणलं.

ते आपांच्या ओट्यावर बसले. एका सुनेनं त्यांच्या हातात चहा दिला. मी पुढं सांगायला लागले, आणि ते ऐकत राहिले.