इलियासचा चंदेरी पडदा

जगात कुठंही नवा सिनेमा निघो, कुंडलच्या जत्रेत तंबू ठोकून आपण तो दाखवणारच, ही इलियासची तीस वर्षांची ऐट. यंदा त्यानं चष्म्यांसकट थ्रीडी आणलं. पडदा मात्र सवयीनं तंबूच्या मधोमध ताणला. पुढं पुरुष, मागं बायका. जुन्या पांढऱ्या कापडातून मागं चित्र दिसायचं, उलटं का होईना. थ्रीडीसाठी मुद्दाम आणलेल्या नव्या चंदेरी पडद्यातून उजेडाचा ठिपकासुद्धा जाईना.

चष्मा लावलेली अंजनाकाकी तरातरा पुढं आली. "आवं इलियासभाई, आमी काय पडद्याची पाठ बघायला तिकीट काढलं व्हय?"

इलियासनं घाईघाईनं सगळ्या बायकांना पुढं पुरुषांशेजारी बसायला बोलावलं. बायका उठून गेल्या, तर या गावात पुन्हा तंबू लागणार नव्हता.

"बायकांनी शेजारी बसायची रीत न्हाई," काकीचा नवरा नानासो गुरगुरला.

"मग तुमी जावा मागं!"

हट्टाला पेटून तो खरंच गेला. बायका पुढं बसल्या आणि सिनेमा पुन्हा सुरू झाला. पुढं नुसत्या किंकाळ्या, मागं अंधारात नानासो एकटा.

"अगं, काय चाललंय?" तो पडद्याआडून ओरडला.

"तलवार नाकापातूर आलीया. गप बसा!"

थोड्या वेळानं पडद्याखालून नानासोचं डोकं बाहेर आलं. "इलियास, हिच्या शेजारी जागा हाय का रं?"