शब्द वेगळे, चाल वेगळी

आमच्या डोंगराळ नारिन शहरात उलकान एजेला, म्हणजे उलकानताईला, लग्नाला बोलवायचं राहिलं तर ती चार दिवस टोमणे मारायची आणि विसरायची. मयताला बोलवायचं मात्र कोणी विसरत नसे. घरात माणूस गेलं की पहिला निरोप तिला, दुसरा मौलवीला. ती यायची, बायकांच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसायची, दोन्ही हात कमरेवर ठेवायची आणि कोशोक सुरू करायची. गेलेल्या माणसाला उद्देशून केलेला गाता विलाप. त्यात त्याचा घोडा यायचा, त्याचा रागीट स्वभाव यायचा, अर्धं राहिलेलं कुंपण यायचं. एरवी दगडासारखी असलेली माणसं अंगणात पाठ फिरवून उभी राहायची, कारण डोळे पुसताना कोणी बघू नये.

इतर दिवशी ती बाजारात एका टपरीत बसून कोटांच्या चेन दुरुस्त करायची. जीभ सुईपेक्षा टोकदार. माझ्या नवऱ्याचा कोट नेला की म्हणायची, "सायरा, चेन चांगली आहे गं. नवऱ्याच्या पोटाला टाके घालता येतात का बघ."

मी तिची शेजारीण. नोकरी नगरपालिकेच्या सांस्कृतिक खात्यात. खातं म्हणजे दोन खोल्या आणि एक समोवार. चहा करणं, दार उघडणं आणि नावं पुकारणं हे माझं काम, आणि पगार आमच्या चहाइतकाच पातळ.

उलकान एजेचा नवरा लवकर गेला. मागे एकच मुलगा, तिलेक, म्हणजे मागितलेली इच्छा. शांत पोरगा, आईची सगळी जीभ आईकडेच राहिली होती. इथे काम नाही म्हणून तोही इतरांसारखा रशियात गेला, उंच इमारतींवर गवंडीकाम करायला. दर रविवारी फोन यायचा. मग एका रविवारी आला नाही. पुढच्याही नाही. हिवाळ्यात तिकडून परतलेल्या एका माणसाने बाजारात हळूच सांगितलं की एक परांची कोसळली, खाली आपली काही पोरं होती, कागदपत्रं कोणाकडेच नव्हती, कोणाला कुठे पुरलं ते देव जाणे. सगळ्या शहराला कळलं. तिलाही कळलं. पण ती म्हणायची, "फोन हरवला असेल. त्याचं डोकं कुठे ठिकाणावर असतं."

मौलवी एकदा तिच्याकडे तिलेकसाठी मयताची दुवा मागायला गेला, तर तिने हातात डाव घेऊन त्याला फाटकापर्यंत पोचवलं. खिडकीत तिचा जुना फोन सदैव चार्जरला लावलेला असे. त्या खिडकीतच रेंज यायची. वर्षं गेली, पण तो फोन कधी बंद झाला नाही. वीज गेली की ती माझ्याकडे यायची आणि माझ्या नवऱ्याच्या गाडीत तो चार्ज करून न्यायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मग आयजारकिनच्या सासूचं निमित्त झालं. आयजारकिन ही आमच्या गल्लीतली तरुण सून. सासू गेली तेव्हा उलकान एजे डोंगरापलीकडे दुसऱ्या मयताला गेलेली. घरात चार सुना, पण एकीलाही कोशोक येईना. शेवटी कोणीतरी फोनवर कुठलातरी विलाप लावून मयताच्या शेजारी ठेवला. मधे साबणाची जाहिरात लागली. एजेला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही.

"मी मेले की माझ्याजवळ पण साबण विकाल ना?" ती म्हणाली. "मला मुलगी नाही. सून येईल तेव्हा येईल. कोण म्हणणार आहे माझं?"

त्यानंतर तिने शिकवायला घेतलं. आयजारकिन पहिली, मग गल्लीतल्या आणखी काही मुली आणि सुना. जुन्या सिनेमागृहामागच्या रिकाम्या खोलीत दर मंगळवारी त्या जमायच्या. शिकवायची पद्धत तिच्या सासूकडून आलेली. शब्द म्हणायचे ते बोलल्यासारखे, भाकरीचं पीठ मागावं तसे. चाल धरायची ती तोंड मिटून, नुसती गुणगुणत. दोन्ही एकत्र कधीच नाही. शब्द आणि चाल एकत्र आली की ते कोशोक झालं, आणि कोशोक मेलेल्या माणसाशिवाय म्हटलं तर ते माणूस शोधत निघतं, असं आमच्याकडे मानतात. "शब्द वेगळे, चाल वेगळी," एजे बजावायची. "त्यांचं लग्न मयताच्या घरीच लावायचं."

त्या शरदात नगरपालिकेने ठरवलं की शहरातल्या रिकाम्या खोल्या आणि हिवाळ्याचा कोळसा कलापथकांना वाटायचा. अर्ज करायचा, समितीसमोर पाच मिनिटं कला दाखवायची, समिती गुण देणार. ज्या खोल्यांना पथक मिळणार नाही त्या भाड्याने जाणार. सिनेमागृहामागच्या खोलीवर एका बिलियर्डवाल्याचा डोळा होताच. अर्ज आयजारकिनने केला. एजे म्हणाली, "कोळशासाठी परीक्षा? बरं. शाळेत नापास झाले होते, इथे बघू."

समितीत तिघं. अध्यक्ष कुबात, आमच्या खात्याचा प्रमुख, राजधानीत शिकून आलेला, सरळ माणूस, पण नियम म्हटला की त्याच्या मानेत लोखंड येतं. झोया पेत्रोव्हना, संगीतशाळेतली म्हातारी शिक्षिका. आणि एल्दियार, मोबाइलच्या दुकानांचा मालक, बक्षिसं त्याची म्हणून खुर्ची त्याची. वेळ मोजायला कुबातचा फोन टेबलावर. पाच मिनिटं झाली की त्यातून एक नाचरी धून वाजायची.

गुरुवार होता. सकाळपासून मी नावं पुकारत होते. पिसांच्या टोप्या घातलेल्या मुली नाचल्या, तीन तारांचं कोमुझ वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांची तार नुकतीच जुळली होती तोच फोनची धून वाजली, एका पोराने आमच्याच खात्याला शिव्या देणारं गाणं म्हटलं आणि त्यालाही कुबातने पाचच मिनिटं दिली. मग मी उलकान एजेला आत घेतलं. मागे आयजारकिन आणि मुली, सगळ्यांनी पांढरे रुमाल बांधलेले.

मुलींनी शब्द म्हणून दाखवले. मग तोंड मिटून चाल धरली. एल्दियारने जांभई दिली.

"एजे, हे तुकडे झाले," कुबात म्हणाला. "आता एकत्र म्हणून दाखवा."

"कोणाचं म्हणू?"

"कोणाचंही. समजा कोणीतरी गेलंय."

"समजा?" एजे म्हणाली. "कुबात, तू आमच्यातलाच ना रे? समजून कोण मरतं?"

कुबातच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला माहीत आहे, एजे. पण बाकी सगळ्यांनी दाखवलं. न ऐकता गुण दिले तर उद्या तो पिसांवाल्यांचा मास्तर माझ्या दारात बसेल." मग खालच्या आवाजात, "माझ्या आईचं तुम्हीच म्हटलं होतंत. त्यातलंच म्हणा. माझी हरकत नाही."

"तुझी नसेल. तिची आहे. तिचं वर्ष झालं, जेवण झालं, आम्ही तिला मोकळं केलं. निजलेल्या माणसाला कोळशासाठी उठवू?"

"मग दुसऱ्या कोणाचं."

"ज्यांची ज्यांची म्हटली ते सगळे मोकळे झाले, बाळा."

"मग माझा इलाज नाही," कुबात म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

झोया पेत्रोव्हना काही बोलायला गेली, पण एल्दियार म्हणाला की वेळ चाललाय. आयजारकिनने मान खाली घातली. तिच्या शेजारची सगळ्यांत लहान मुलगी रुमालाचं टोक चावत होती. उलकान एजेने त्या मुलींकडे एकेक करून पाहिलं. कोणाच्या कोटाची चेन कुठे अडते ते बघावं तसं, सावकाश.

मग ती म्हणाली, "एक राहिलंय. त्याचं अजून कोणी म्हटलेलं नाही."

मी दारातून म्हटलं, "एजे, नको."

"तू चहा बघ, सायरा."

तिने खुर्ची बाजूला सारली, जमिनीवर बसली, समितीकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड. भिंतीवर शहराचा नकाशा होता.

"एजे, तोंड इकडे करा," एल्दियार म्हणाला. "चेहरा दिसायला हवा."

तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सुरू केलं. शब्द आणि चाल एकत्र.

*तिलेक म्हणून मागितला रे, मागून मिळाला, राहिला नाही,*
*रविवार आला, गेला रे, तुझा आवाज आला नाही.*
*परक्यांच्या भिंती बांधल्यास रे, आपल्या भिंतीला कोण लिंपील,*
*परक्या मातीत निजलास रे, तुझ्यावर मूठ कोण टाकील.*

तिचा आवाज मी आयुष्यभर ऐकत आले होते, माझ्या आईच्या वेळी, सासऱ्यांच्या वेळी. हा आवाज तो नव्हता. तो दुसऱ्याच्या घरी जाऊन आलेला असायचा. हा तिच्या स्वतःच्या घरातून पहिल्यांदाच बाहेर पडत होता. मुली रडत होत्या. झोया पेत्रोव्हनाला आमची भाषा धड कळत नाही, तिनेही चष्मा काढला. एजे तिलेकच्या लहानपणाशी पोचली होती, नदीच्या बर्फावर तो घसरला आणि हसत उठला, तिथे. "उठलास तेव्हा..." असं तिने म्हटलं आणि टेबलावरचा फोन वाजू लागला. ती नाचरी धून.

आमच्याकडे कोशोक असं कोणी थांबवत नाही. कोणीतरी वडीलधारं उठतं, जाऊन खांद्यावर हात ठेवतं, "बास, आता धीर धर" म्हणतं, पाणी देतं. मगच ते थांबतं. कुबातला हे माहीत होतं. त्याच्या आईच्या वेळी मीच हात ठेवला होता. पण तो खुर्चीतच बसून त्या फोनचं बटण शोधत राहिला, आणि मी दारात खांबासारखी उभी. एजे शब्दाच्या मध्येच थांबली. गुडघ्यावर हात टेकून उठली, खुर्ची परत जागेवर ठेवली.

"झालं ना?" तिने विचारलं. "जाऊ?"

ती गेल्यावर एल्दियार म्हणाला, "बाईचा अभिनय जबरदस्त आहे. पहिला नंबर द्या. आणि शहराच्या वाढदिवसाला स्टेजवर हेच ठेवू, मुलाचं."

"ठेवा," मी म्हटलं. "तेव्हा कोणाला मारायचं तेवढं आधी ठरवा."

नोकरी जाईल असं वाटलं. कुबातने मान वर केली नाही. त्याने गुण लिहिले आणि मला म्हणाला, "पुढच्यांना बोलव." पुढचे बाहेर ढोल घेऊन उभे होते.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. फाटकातच तेलाचा वास आला. गुरुवारी आम्ही गेलेल्यांच्या नावाने तेलात रोट्या तळतो. तो वास त्यांना पोचतो म्हणतात. दर गुरुवारी ती तळायची आणि नावं घ्यायची, सासू, सासरा, नवरा. मी उंबऱ्याशी उभी राहिले. तिने तीन नावं घेतली. मग कढईत एक रोटी सोडली, ती फुगेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "तिलेक. हा वास तुला पोचो."

मी तिला मिठी मारली. आम्ही दोघी किती रडलो ते सांगून काय उपयोग. रडून झाल्यावर तिने कढई उतरवली.

"खोली मिळाली?"

"मिळाली. पहिल्या आलात."

"कोळसा सुका बघून घ्या. ओला देतात ते आणि पाणीही वजनात धरतात. मुलींना सांग, मंगळवार चुकवायचा नाही." ती रुमालाने हात पुसत भिंतीकडे वळली, खाली बसली, हात कमरेवर नेले. "ते अर्धं राहिलंय, सायरा. पोरगं तिथे बर्फावर तसंच उभं आहे. आज पूर्ण करते. झालं की तू खांद्यावर हात ठेव."

मी तिच्या मागे बसले. तिने श्वास घेतला, आणि परत थांबली.

"आधी एक कर," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "खिडकीतला तो फोन बंद कर. मध्येच वाजायला नको."

मी उठले आणि बंद केला.