गुणाबाईच्या हातची डोकी

पनवेल कोळीवाड्यातली दोन पिढ्यांची पोरं गुणाबाईच्या पायांवर न्हालेली. सकाळची मासळी विकून झाली की ती बाळंतिणीच्या घरी जायची, पाय लांब करून बसायची आणि टाळूवर कोमट तेल थापायची. मग दोन्ही तळव्यांत डोकं धरून, दाबत दाबत सगळीकडून फिरवायची. झोपवताना डोक्याखाली राईच्या दाण्यांची उशी. सासूने तिला शिकवलं होतं, ‘डोकं कवळं असतं तंवर हातात असतं.’

२००९ च्या जानेवारीत पुण्याहून अरुंधती नावाची मुलगी आली. मानववंशशास्त्र शिकत होती. देवळाशेजारच्या सभागृहात टेबल मांडून ती वाड्यातल्या पुरुषांची डोकी मोजू लागली. तिच्याकडे वाकड्या पायांचा मोठा चिमटा होता. त्याने ती कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत लांबी घेई, कानांच्या वर रुंदी घेई, आणि रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणी. कुणी म्हणालं, नव्या विमानतळाच्या जमिनीसाठी मूळचे कोण ते बघतायत. कुणी म्हणालं, हे मतदानाचं असेल. अरुंधतीने दोनदा समजावलं, पण लोकांनी आपापलंच धरलं.

गुणाबाईचे दोन्ही मुलगेही माप द्यायला गेले. थोरला प्रितेश न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा, धाकटा प्रणित जासईच्या कंटेनर यार्डात होता. प्रितेशचा आकडा त्र्याऐंशी आला, प्रणितचा चौऱ्याहत्तर.

“थोरले गोल डोक्याचे, धाकटे लांब डोक्याचे,” अरुंधतीने वहीत लिहिता लिहिता म्हटलं.

शेजारची चंद्रावती दारात उभी होती. “एका आयसच्या पोटचे, आनि जाती दोन?” ती हसत म्हणाली. बाकीचेही हसले. प्रणित हसला नाही.

जेवताना त्याने भात चिवडला. मग ताटाकडेच बघत म्हणाला, “आये, मी तुजाच ना?”

गुणाबाईला वाटलं, मस्करी करतोय. पण त्याचं तोंड तसं नव्हतं.

“येड्या, आसं काय इचारतंस?”

“यंत्रात येगळं आलं म्हनून इचारलं.”

“आरं, येगळं आलं म्हंजे काय झालं?” ती म्हणाली. म्हणजे काय झालं, हे तिलाही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मासळीची टोपली तशीच घरी ठेवून ती सभागृहात गेली.

“बाय, माज्या पोऱ्यांचं काय निघालं ते नीट सांग.”

अरुंधतीने खुर्ची दिली. “मावशी, काहीच वाईट नाही निघालं. पूर्वी साहेब लोक अशा मापांवरून कोण कुठल्या वंशाचं ते ठरवायचे. आता तसं कुणी मानत नाही.”

“मंग तू कशाला मोजतंस?”

अरुंधतीने चिमटा मिटून ठेवला. “जुनी मापं आहेत. काळाबरोबर डोकी बदलली का, ते बघायचंय.”

“डोकी काळानं कशी बदलतील? मी बदलतंय ना.”

अरुंधतीला कळलं नाही. तेव्हा गुणाबाईने जमिनीवर बैठक मारली, पाय लांब केले, हवेतच एक मूल पालथं घातलं आणि तळवे कसे फिरतात ते दाखवलं. प्रितेशला चार महिने असं केलं होतं. प्रणित आठव्या महिन्यात झाला. मुंबईच्या इस्पितळात दीड महिना काचेच्या पेटीत होता, सदा कुशीवर. “नर्स हात लावू देत नव्हती. काचेतून बघायची मी. घरी आनला तंवर डोकं लांबट झालतं, आनि डाक्टरनं दाबू नको म्हनून सांगितलतं.”

अरुंधतीने वही पुढे ओढली. “या यादीतले किती जण तुमच्या हातचे?”

नावं वाचली गेली. गुणाबाई ‘हा माजा’, ‘हा नाय, ह्याला माज्या सासूनं न्हाऊ घातलं’ असं सांगत गेली. चोपन्न जणांपैकी एकेचाळीस तिचे निघाले आणि नऊ सासूचे. अरुंधती पेन्सिल हातात धरून यादीकडे बघत राहिली. मग बाहेर जाऊन तिने आपल्या सरांना फोन केला.

“सर म्हणतात, खाली टीप लिही,” आत येऊन ती म्हणाली. “पण मला आता कळत नाहीये, मी नक्की काय मोजलं.”

“तुला नाय कळत, तर मी पोऱ्याला काय सांगू?”

अरुंधतीने वही मिटली.

घरी येऊन गुणाबाईने प्रणितला पेटीची सगळी गोष्ट सांगितली. आधीही सांगितली होती, पण तेव्हा डॉक्टरांच्या चांगुलपणाची म्हणून. त्याने ऐकून घेतलं. “म्हंजे यंत्रानं एवडंच पकडलं, की तू मना हात नाय लावलास?” तो म्हणाला. ती हो म्हणणार होती, मग नाही म्हणणार होती. यातलं कुठलं बरं, ते तिला ठरवता आलं नाही. तोवर तो चपला घालून बाहेर पडला होता. मात्र ‘मी तुजाच ना’ हा प्रश्न त्याने पुन्हा कधी विचारला नाही.

पावसाळ्यात अहवालाची प्रत टपालाने आली. प्रणितने मोठ्याने वाचून दाखवला. पानं भरून आकडे होते. शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वाड्यात बाळाच्या डोक्याला आकार देण्याची रीत आहे, आणि आकड्यांत तिचा भाग किती ते सांगता येत नाही. कुणाचं नाव नव्हतं.

दिवाळीनंतर प्रणितच्या बायकोला, रियाला, मुलगा झाला. पूर्ण दिवसांचा. बाराव्या दिवशी गुणाबाई पाय लांब करून बसली.

“डोकं कसं करू?” तिने प्रणितला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने हे कुणाला विचारलं होतं.

“माज्यासारखं ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. लगेच, “नाय, कर गोल.” मग कामावर जायची पिशवी उचलून म्हणाला, “तुला वाटंल तसं कर गो.”

तिने तेल थापलं. पाठ चोळली, पाय चोळले, नाक ओढलं. तळवे डोक्याभोवती आले आणि तिथेच थांबले. मूल हातांची ऊब लागून शांत झालं.

“झालं का, आई?” आतून रियाने विचारलं.

“नाय गो,” गुणाबाई म्हणाली. दाबायचं की नुसतं धरायचं, हे तिचं अजून ठरत नव्हतं.