बॉलवरचं स्टिकर

मी पहिल्यापासून ओरडत होते, एकानंही विश्वास ठेवला नाही. चौथी पास बाई, डबे करणारी. तिला बेसबॉलमधलं काय कळणार! फुजैरातल्या आमच्या चार मराठी घरांत असे किस्से साठतच जातात. शुक्रवारी सगळे जमले की कुणीतरी एखादा उकरून काढतं. हसतात. मी आता हसत नाही.

* * *

हे तेलाच्या टर्मिनलवर कामाला, तिथं अमेरिकन साहेब होता. त्याच्या नादानं आमच्या ह्यांना आणि त्यांच्या दोस्ताला, केळकरांना, बेसबॉलच्या मॅचमधल्या वस्तू जमवायचं वेड लागलं. लेबलं समजावली माझ्या धाकट्या भावानं, अशोकनं. तो जहाजावर. फुजैराला जहाज लागलं की जेवायला आमच्याकडे.

"ताई, 'गेम-यूज्ड' म्हणजे मॅचमध्ये खेळलेलं. 'टीम-इश्यूड' म्हणजे खेळाडूला दिलेलं, पण तो खेळला असेलच असं नाही."

"म्हणजे आहेराची साडी! दिली खरी, नेसलं कुणीच नाही."

हे इतके हसले की ठसका लागला!

* * *

मग ह्यांनी एक गेम-यूज्ड बॉल आणला. "दुबईतल्या दुकानातून," म्हणाले. खंडेनवमीला मी पान्हे-पकडींबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहिलं. केळकर किंचाळले, "वहिनी! अहो, त्यावरच्या मातीलाच तर मोल आहे!"

"घाम चालतो, कुंकू चालत नाही?"

हे म्हणाले, "राहू दे रे. आता तो घरचा झाला."

* * *

पुसताना पाहिलं, तर बॉलवरच्या खरेपणाच्या, नंबर छापलेल्या चकाकत्या स्टिकरचा कोपरा सुटलेला. खरं स्टिकर उचकटलं की फाटतं, सबंध निघत नाही, एवढं ह्यांच्या गप्पांतून मला ठाऊक होतं.

"हे तर टिकलीसारखं निघतंय! खोटं आणून इथं चिकटवलंय!"

केळकर म्हणाले, "नंबर कॉम्प्युटरवर टाकू. कुठल्या मॅचचा ते कळेल."

"नको," हे म्हणाले. "खरा आहे. खलास!"

मी सोडते होय! "ज्यानं फसवलं त्याला माझ्या दारात पाण्याचा घोट मिळणार नाही!"

ह्यांनी जन्मात पहिल्यांदा ताट सरकवलं. "चौथी पास आहेस ना? मग गप्प बस!"

पोरगीही त्यांच्याच बाजूची. "आई, प्लीज, लीव्ह इट."

* * *

पुढं ह्यांचं लिव्हर गेलं. हॉस्पिटलात उशाशी तोच बॉल. नर्सनं विचारलं, "ये क्या है?"

"ओरिजिनल," हे म्हणाले. "आस्क माय वाइफ."

दोघं माझ्याकडे बघत होते.

"ओरिजिनल," मी म्हणाले.

* * *

तेराव्याला केळकर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, तुमचंच बरोबर होतं. तो नंबर मी तेव्हाच बघितला. एका टोपीचा निघाला. मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, मला माहीत आहे."

"माहीत होतं? मग माझ्याशी का भांडले?"

केळकर जायला वळले.

"त्या दुकानदाराचं नाव सांगा. आत्ता दुबईला जाते!"

"दुकान नव्हतंच, वहिनी. भेट आलेला बॉल. कुणी दिला ते तुम्हाला सांगायचं नाही, म्हणून शपथ घातली होती त्यानं."

"शपथ घालणारा गेला. नाव सांगा."

"अशोक."