‘मना वढलंय का नाय?’

लग्न होऊन मी जव्हारला आले तेव्हा आमच्या घरात तीन माणसं होती आणि एक वाद होता. माणसं म्हणजे मी, आमचे हे आणि मामंजी. वाद मात्र माझ्या आधीपासून तिथे राहत होता आणि सून म्हणून मला त्याचंही करावं लागे, म्हणजे बापलेक तावातावाने बोलत असताना भाकरी गार होऊ द्यायची नाही.

वाद योहानाच्या शुभवर्तमानातल्या एका वचनावरून होता. पिता ज्याला ओढतो तोच ख्रिस्ताकडे येऊ शकतो, असा त्या वचनाचा अर्थ. मामंजींनी उभी हयात नगरकडे उपदेशक म्हणून काढली होती. डोळे अधू झाले म्हणून ते मुलाकडे राहायला आले होते, पण शास्त्र सगळं तोंडपाठ. त्यांचं म्हणणं, देव निवडून ओढतो. “जाळ्यात काय सगळी नदी येते? मासे येतात.” यावर हे म्हणत, “बाबा, पण त्याच शुभवर्तमानात पुढे ख्रिस्त म्हणतो, मी सर्वांना आपल्याकडे ओढीन. सर्वांना!” मामंजी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत शांतपणे सांगत, “सर्वांना म्हणजे सगळ्या देशांतल्या, सगळ्या जातींतल्या लोकांना. झाडून सगळ्यांना नव्हे.”

“मग मी मोखाड्यापर्यंत तंगडतोड कशाला करतो?”

“कारण कोण ओढलेला आहे हे तुला ठाऊक नाही, म्हणून.”

हे संस्थानच्या परवानगीने ओसरीवर मुलांची लहानशी शाळा चालवत आणि बाजाराच्या दिवशी हद्द ओलांडून इंग्रजी अमलातल्या मोखाड्याला जाऊन उपदेश करत. कधी खोडाळ्यापर्यंतही जात. लोक ऐकत, मान डोलावत, पाणी देत, आणि आपल्या वाटेने जात. कोणी आलं नाही. मामंजी म्हणत, ओढलेला अजून भेटला नाही. हे म्हणत, ओढलेत सगळेच, आपलंच सांगणं कमी पडतं. दोघांचीही व्याख्या पक्की होती, आणि रविवारच्या उपासनेला आम्ही तिघं, दवाखान्यातला ख्रिस्ती कंपाउंडर आणि त्याची बायको, एवढेच असायचो.

आमच्या घराला लागून एक घर होतं. मधे कारवीच्या काठ्यांचा, शेणामातीने लिंपलेला कूड. पलीकडे राहणाऱ्या बाईचा नवरा संस्थानच्या पागेत घोड्यांच्या चाकरीला होता. ती माझ्याहून थोरली, अंगाने काटक, आवाजाने मात्र दणदणीत. मी परमुलखातली, डोंगरातलं मला काही माहीत नव्हतं. नागलीची भाकरी थापताना का फाटते, कुठली रानभाजी चालते आणि कुठली खाल्ली तर घसा खाजतो, हे सगळं तिनेच मला शिकवलं. तिची बोली आमच्याहून निराळी. ‘मला’ला ती ‘मना’ म्हणे, आणि तिच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना ‘तू’. मामंजींना आयुष्यभर लोकांनी ‘उपदेशकबुवा’ म्हटलेलं. ‘तू बाबा’ ऐकून पहिल्यांदा ते जरा फुगले. पण त्यांना सकाळी आंबील लागे आणि माझी आंबील बिघडे, म्हणून ही रोज वाडगाभर आंबील करून आणायची. महिनाभरात त्यांना ‘तू’ गोड लागायला लागलं.

एके दिवशी संध्याकाळचं जेवण चाललं होतं आणि वादही चालला होता. जाळं, मासे, सर्व, झाडून सगळे, नेहमीचंच. तेवढ्यात कुडापलीकडून आवाज आला,

“बाबा, मना वढलंय का नाय, तेवढा सांग न मंग जेव!”

आम्ही तिघांनी कुडाकडे पाहिलं. मग तीच दारातून आत आली, हातात खुरासणीच्या चटणीची वाटी. चटणी माझ्यापुढे ठेवून ती मामंजींच्या समोर फतकल मारून बसली. “रोज ऐकतंय मी. कोणाला वढला, कोणाला नाय. माझा काय ता सांग.”

ह्यांनी घाईघाईने तोंड उघडलं, “ओढलंय ना! तुम्हालाही—”

“तुना नाय इचारलं, मास्तर. बाबाला इचारलं.”

मामंजी अडखळतील असा प्रश्न मी तोवर पाहिला नव्हता. त्यांच्या हिशेबाने उत्तर सरळ होतं. कुडापलीकडे बसून हिने वर्षभर वचन ऐकलं होतं आणि तरी ही आली नव्हती. म्हणजे ओढलेली नव्हती. पण समोर बसून, पदराने वारा घेत, हसऱ्या तोंडाने उत्तराची वाट पाहणाऱ्या त्या बाईला ते सांगायला त्यांची जीभ वळेना.

“उद्या सांगतो,” ते म्हणाले.

“बरा,” ती म्हणाली आणि चटणी कशी झाली ते विचारून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडता झाडता तिने हाक दिली, “बाबा, लागला का पत्ता?” मामंजींनी नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्या दिवशीही तेच. तिच्या विचारण्यात खवचटपणा नव्हता. पाऊस कधी येईल असं विचारावं तसं ती विचारायची. इकडे मामंजींनी मात्र ते मनाला फार लावून घेतलं. ह्यांच्याकडून त्यांनी तो सबंध अध्याय पुन्हा पुन्हा वाचून घेतला. पुढचा वाचला, मागचा वाचला. मग प्रार्थनेला एकांत हवा म्हणून रोज सकाळी काठी टेकत शिरपामाळावर जायला लागले. आम्हाला काळजी, डोळ्यांनी कमी दिसतं आणि वाट खडकाळ. पण ते धडपणे परत येत, उत्तराशिवाय, धोतराच्या सोग्यात करवंदं बांधून. शेजारीण करवंदं निवडत म्हणायची, “देव काय बोलला नाय, पण रिकामा नाय पाठवला तुना.”

पावसाळा सरता सरता मामंजींना हिवताप आला. हे त्या वेळी खोडाळ्याकडे गेले होते आणि मधल्या ओढ्यांना पाणी चढल्यामुळे तिकडेच अडकले होते. घरात मी एकटी आणि म्हातारा माणूस गोधड्यांखाली थडथड उडतोय. कंपाउंडर कोयनेल देऊन गेला. पण उशापायथ्याशी बसायला शेजारीणच आली. आपलं घर, आपली चूल, आपल्या कोंबड्या नवऱ्यावर सोपवून ती आमच्याकडेच राहिली. तिच्या कोंबड्या मात्र तिच्या मागोमाग आमच्या घरात आल्या आणि मामंजींच्या खाटेखाली त्यांनी बस्तान मांडलं.

एका दुपारी ताप उतरला होता आणि मामंजी डोळे मिटून पडले होते. ते झोपलेत असं समजून आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो. ती सहज म्हणाली, “बाय, माझा तर बाबाला सापडला नाय. तुना कसा वढला देवानं?”

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मीच तो स्वतःला विचारत असे, आणि उत्तर मला आवडत नसे. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी तिला सांगितलं.

“मला देवाने नाही ओढलं. दुष्काळाने ओढलं.”

मी पाच-सहा वर्षांची असेन. मोठा दुष्काळ पडला होता. आईबाप वाटेतच गेले, कुठे तेही मला आठवत नाही. आठवते ती एक बाई. ओळखीची नव्हती, नात्याची नव्हती. माझ्याहून फार काही धड अवस्थेत नव्हती. तिने मला कडेवर घेतलं आणि चालत राहिली. तिच्या हातावर गोंदलेलं तुळशीचं रोप होतं, ते मी बोटाने गिरवत होते एवढं पक्कं लक्षात आहे. मिशनच्या आवारात कांजी वाटत होते. तिथे तिने मला खाली उतरवलं, कांजीचं भांडं माझ्या हातात येईपर्यंत थांबली आणि निघून गेली. मी मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, तिथेच शिकले, तिथेच बाप्तिस्मा झाला, तिथूनच माझं लग्न ठरलं. पुढे लोक मला पोटासाठी बाटलेली म्हणत, आणि मला वाटे, म्हणतात ते खरंच आहे. ह्यांच्या आणि मामंजींच्या वादात मी कधी तोंड घातलं नाही, त्याचं कारण तेच. निवडलेल्यांत मी कशी बसणार? मी तर कांजीच्या वासाने आलेली.

शेजारणीने तांदळाचं सूप खाली ठेवलं. माझ्या गुडघ्यावर नुसता हात ठेवला.

“ती बाई ख्रिस्ती होती?”

आम्ही दचकलो. मामंजी जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“नाही, मामंजी. कपाळाला कुंकू होतं.”

“पुन्हा कधी आली?”

“नाही.”

“तुला तिथे सोडून तिला काय मिळालं?”

“काही नाही. तिने स्वतः कांजी घेतली की नाही, तेही मी पाहिलं नाही.”

मामंजी छताकडे पाहत पडून राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. शेजारणीनेच आपल्या पदराने पुसलं.

“सूनबाई,” ते म्हणाले, “जन्मभर मी लोकांना सांगत आलो की कोण ओढलेला आहे आणि कोण नाही. पण देव ओढतो तो कोणाच्या हातांनी ओढतो, हे पाहायचं माझ्याकडून राहूनच गेलं. आणि तू दुष्काळाचं नाव घेऊ नकोस. दुष्काळाने माणसं मारली. तुला आणलं ते त्या बाईने.”

मी पदर तोंडाला लावला. रडू आलं, पण जड नव्हतं ते.

“ता सगळा बरा,” शेजारीण म्हणाली, “पण बाबा, म्हंजे माझा काय? मना वढलंय का नाय?”

मामंजी तिच्याकडे वळले. “मला माहीत नाही.”

“आता कसा खरा बोललास!” ती इतक्या मोठ्याने हसली की खाटेखालच्या कोंबड्या फडफडत बाहेर पळाल्या, आणि त्यांच्या मागे ती. हिवतापाने पार गळालेले मामंजी गोधडीत तोंड घालून हसायला लागले.

हे परत आले ते मामंजी खाटेवर उठून बसू लागल्यावर. पुढच्या रविवारी मामंजींनीच उपदेश केला, बसूनच. तेच वचन घेतलं. कोण ओढलेला आणि कोण नाही हे आपल्याला कळत नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. मात्र कोणाला जवळ आणायची संधी आपल्या हाताशी आली तर आधी त्याला कडेवर घ्यावं, अर्थ मागाहून लावावा, असं म्हणाले. कंपाउंडरची बायको मला नंतर म्हणाली की बुवांचा उपदेश पहिल्यांदाच शेवटपर्यंत जागेपणी ऐकला.

हे मात्र खूश. “बाबा, शेवटी तुम्ही माझ्या बाजूला आलात!”

“छट्! तुझं ‘झाडून सगळे’ तूही खात्रीनेच सांगतोस. मला आता माझीही खात्री नको आणि तुझीही नको.”

यावर नवा वाद सुरू झाला, आणि तो मामंजींच्या शेवटापर्यंत पुरला. मला तो ऐकायला आवडे. आता मधेच मीही एखादं वाक्य टाकत असे.

शेजारीण ख्रिस्ती झाली नाही. रविवारी उपासनेला येऊन मामंजींच्या शेजारी बसायची, गाणी दणक्यात आणि आपल्याच चालीवर म्हणायची, आणि सणावाराला आपल्या देवांना नारळ द्यायलाही तितक्याच उत्साहाने जायची. कोणी मामंजींना विचारलं की ही बाई तुमच्यातली की त्यांच्यातली, तर ते म्हणत, “ती माझी आंबील करते. पुढचं मला माहीत नाही.” आणि ‘माहीत नाही’ हे शब्द इतक्या समाधानाने उच्चारणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्याच हिवाळ्यात एकदा ह्यांच्याबरोबर मी बैलगाडीतून मोखाड्याच्या बाजाराला गेले. मिठाच्या दुकानापाशी हे लोकांशी बोलत उभे होते. दुकानदार बोलायला फटकळ. माझ्याकडे बोट दाखवून चारचौघांत म्हणाला, “मास्तर, देव ओढतो म्हणता, पण तुमची ही माणसं तर पोटासाठी बाटलेली!”

ह्यांचा चेहरा उतरला. पूर्वीची मी असते तर मान खाली घालून गाडीत जाऊन बसले असते. पण मी पुढे झाले.

“होय दादा, पोटासाठीच. भुकेने मरायला टेकलेल्या पोराला पोटाला धरून नाही ओढायचं, तर काय शेंडीला धरून ओढायचं?”

मग पाटी घेऊन बसलेल्या एका म्हातारीने बोळकं उघडून हसायला सुरुवात केली, तिचं पाहून आणखी दोघं हसली, आणि शेवटी शेंडीवरून हात फिरवत दुकानदारही हसला. “बाई, तुम्हीच उपदेश करत जा,” म्हणाला, आणि मापावर एक मूठ मीठ वरचं घातलं.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, “हे तू बाबांना सांगशील ना?”

“सांगेन की,” मी म्हटलं, आणि मिठाची पिशवी सांडू नये म्हणून मांडीवर घेतली.