रोग हुडकणारा लेंडर्ट

आमच्या गावात सुंदर फूल दिसलं की ते उपटणारा एक माणूस आहे, आणि त्याला त्याचा पगार मिळतो. लेंडर्टचं काम ट्यूलिपच्या शेतात रोगट झाडं हुडकण्याचं. विषाणू शिरला की पुढच्या बहरात लाल पाकळीवर पांढरे पट्टे उमटतात, फूल आणखीच देखणं होतं आणि जमिनीतला कंद खंगत जातो. मावा ही कीड तो रोग शेजारच्या झाडांत पोचवते, म्हणून असं झाड कंदासकट काढायचं. चारशे वर्षांपूर्वी आमच्या डच पूर्वजांनी याच पट्ट्यांपायी घरदार उडवलं. आम्ही शहाणे झालो, आता फक्त पर्यटक भुलतात. नेमकी चांगलीच फुलं का फेकता, असं ते रस्त्यावरून कळवळून विचारतात. लेंडर्ट मान वर करत नाही.

नजर मात्र विलक्षण. बारा वर्षं मी त्याच्या शेजारच्या ओळीतून चालतेय, दोघांच्याही हातात छत्री, कारण भर उन्हात पट्टे नीट दिसत नाहीत. माझं एक झाड सापडेपर्यंत त्याची चार झालेली असतात, आणि हे तो मला न चुकता सांगतो. मेहुणीच्या लग्नात या गृहस्थाने नवरीच्या गुच्छातलं एक फूल रोगट म्हणून काढून खिशात घातलं होतं. तेव्हापासून त्याची बायको खेर्दा नाताळच्या जेवणाला त्याला आणि आपल्या बहिणीला टेबलाच्या दोन टोकांना बसवते.

यंदा आमच्या मालकाची, रेनियरची, स्वतःची लाल जात बिघडली. बियांपासून वाढवत त्याने तिच्यावर वीस वर्षं घालवलेली. गुरुवारी तपासनीस येणार होता. ठरल्यापेक्षा जास्त रोगट झाडं निघाली की सगळी जात नापास, म्हणजे वीस वर्षं मातीत. लेंडर्टने दोष उदारपणे वाटून टाकला, थोडा माव्याला, थोडा वाऱ्याला आणि उरलेला शेजारच्या शेतकऱ्याला.

रेनियर काटेकोर माणूस. प्रत्येक वाफ्याचे कंद तो वेगळे ठेवतो आणि दरवर्षी जागा बदलून वेगळेच लावतो. यंदा रोगट निघाली ती झाडं बहुतेक एकाच वाफ्यातली होती, आणि त्या वाफ्याचे कंद गेल्या वर्षी लेंडर्टच्या घराच्या कुंपणाला लागून लावलेले होते. दुपारी मी तिकडे गेले. मागे सायकलींच्या छपराशी पट्टेदार ट्यूलिपची सात फुलं डोलत होती, आणि शेजारी खुर्ची टाकून खेर्दा कॉफी पीत होती.

"आईच्या बागेतली," ती कौतुकाने म्हणाली. "ही जातच पट्ट्यांची असते गं. लेंडर्ट दरवर्षी तपासतो ना."

तेवढ्यात लेंडर्ट जेवायला घरी आला आणि माझ्यामागे येऊन थांबला. खेर्दाने आधी माझं तोंड पाहिलं, मग त्याचं. बाईला सांगावं लागलं नाही.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं.

"पहिल्याच वर्षी."

"अकरा वर्षं झाली, लेंडर्ट."

"आई गेल्यावर तू महिनोन्महिने धड बोलत नव्हतीस. ही फुलली तेव्हा तू मला हाक मारलीस, बघायला ये म्हणून. मग कुठली उपटतोय मी."

"आणि गेल्या वर्षी कुंपणापलीकडे रेनियरचे कंद लागले, तेव्हा?"

"वाटलं, एक वर्ष निभेल."

गावभरची फुलं उपटणाऱ्या या माणसाचा मला भयंकर राग आला, आणि रागापेक्षा जास्त त्याची कीव आली. खेर्दाने त्याच्या हातातलं खुरपं काढून घेतलं, गुडघे टेकले आणि सातही झाडं स्वतः खणली, एकही कंद न तोडता. सगळं पिशवीत भरून तिने ती त्याच्यापुढे धरली. रेनियरला तूच सांगायचंस, म्हणाली, पण मी बरोबर येते.

ती कोट घ्यायला आत गेली. लेंडर्टने छत्री उघडली, पिशवीवर सावली धरली आणि सातही फुलं एकेक करून पुन्हा तपासली, एखादं तरी निरोगी निघतंय का म्हणून.