हालहवाल सांगितला तो भगवाननं

भगवान गेल्याचा फोन आला तेव्हा मी व्याख्यानाचीच टिपणं काढत होतो. विषय नेहमीचा... इराणच्या वाळवंटातले बलुच. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो असा, की चला, खरं काय ते ठाऊक असलेला आता कुणी उरला नाही. क्षणभर हायसं वाटलं. थू माझ्या जिंदगानीवर! पाच आठवडे झाले, ते हायसं वाटणं काही घशाखाली उतरत नाही.

भगवान धारूरला विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, मी अंबाजोगाईत भूगोल शिकवायचो. कोरडवाहू मुलखाची पाहणी करायला एका संस्थेनं आम्हा दोघांना तिकडं इराणात धाडलं. मी शिकलेला म्हणून, तो पंपातलं कळतं म्हणून. दिवसभर धूळ खात एका वस्तीवर पोचलो. बलुचांची रीत अशी, की पाहुण्यानं जेवणाआधी आपला हालहवाल सांगायचा, घर सोडल्यापासूनचा, सगळा आणि खरा. घरधनी म्हातारा तरुणपणी कराचीच्या गोदीत राबलेला, उर्दू जाणणारा. मी वयानं मोठा, म्हणून त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पर्जन्यमान, सरासरी... काहीतरी बरळलो. मग भगवाननंच आपल्या बाजारातल्या दखनीत सुरुवात केली. घाटातला पाऊस, आटलेल्या विहिरी, ऊसतोडीला गेलेली बहीण कौसा, तिच्या कुलूपबंद दारापुढं बसून राहणारं कुत्रं... म्हातारा उठला आणि त्याचा हात हातात घेऊन बसला. त्याचाही भाऊ दूर बंदरावर कामाला होता.

परत आल्यावर मी काय करावं? 'मी हाल सांगितला, म्हाताऱ्यानं माझा हात धरला,' असं गावोगाव बेधडक सांगत सुटलो. कुत्र्यासकट! अंबाजोगाईच्या सभेत हे बोलून गेलो आणि बघतो तर दुसऱ्या रांगेत भगवान. पहिली टाळी त्यानंच वाजवली. बाहेर भेटला तर म्हणतो, "सर, लई भारी बोललात. मला कुटं जमतंय असं?" टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता.

दहाव्याला धारूरला गेलो ते भगवानच्या बायकोला, सुनीतावहिनींना, सगळं सांगायचं ठरवूनच. त्यांनी पाणी दिलं आणि बसलेल्या बायकांना म्हणाल्या, "हेच ते सर. तिकडं सरांनी आपल्या कौसाचा हाल सांगितला न् सगळी माणसं रडली, असं हे सारखं सांगायचे." म्हणजे घरातसुद्धा त्यानं माझी अब्रू झाकली होती. कौसाबाई तिथंच होत्या. त्या उठून माझ्या पाया पडल्या. आणि मी... पडू दिलं.

म्हणून हे चारचौघांत लिहितोय. वहिनी, कौसाबाई, तिथं तुमच्यासाठी बोलला तो भगवान. मी शेजारी बसून जेवण कधी येतंय ते बघत होतो.